डोक्याचा फोटो

१.
'डोक्याचा फोटो काढायला सांगितलाय.' नंदुरबार स्टेशनावर सुरतच्या गाडीला असं एखादं कुटुंब दिसतंच. प्लास्टिकची लांबडी पिशवी, आत फिल्मा. डबा, पाण्याची बाटली, चपला सगळं फलाटावर. पिशवी मात्र म्हातारीच्या मांडीवर.

२.
आजाराचं नाव एव्हीएम. मेंदूत शुद्ध रक्ताची वाहिनी केशवाहिन्यांना वगळून थेट अशुद्ध रक्ताच्या वाहिनीला जोडली जाते. धुळे-साक्रीकडची फड पद्धत आठवावी: बंधारा, पाट, चाऱ्या, मग शेत. इथे पाट थेट नाल्यात उतरलेला. शेत कोरडं आणि नाल्याचा काठ फुटायच्या बेतात. मधल्या जंजाळाला निडस म्हणतात. वर्षानुवर्षं तो गप्प असतो. मग एक दिवस फिट, नाहीतर एकदम रक्तस्राव.

३.
लाखात साधारण दहाएक माणसांना. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५. म्हणजे दीडशेच्या वर. हा हिशेब झाला, मोजणी नव्हे.

४.
फिट आली की कांदा फोडून नाकाशी धरतात. कांदा नसला तर चप्पल. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. श्रेय कांद्याला.

५.
पोर्तुगालचे डॉक्टर एगास मोनिज. १९२७ साली लिस्बनमध्ये त्यांनी मानेतल्या धमनीत आयोडीनचा द्रव सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या पहिल्यांदा एक्स-रेवर दाखवल्या. नोबेल मिळालं १९४९ मध्ये, पण ते मेंदूतले तंतू तोडून मनोविकार बरे करायच्या शस्त्रक्रियेबद्दल. ती शस्त्रक्रिया केव्हाच बाद झाली. फोटो रोज काढतात.

६.
त्या फोटोचं आजचं रूप म्हणजे डीएसए. आधी डायशिवायचा फोटो. मग जांघेतून बारीक नळी वर नेऊन डाय सोडायचा आणि दर सेकंदाला काही फोटो घ्यायचे. संगणक नंतरच्या फोटोंतून पहिला वजा करतो. कवटी नाहीशी होते, उरतात फक्त रक्तवाहिन्या. 'काका, आता चेहऱ्याला गरम लागेल. हलू नका, गिळूसुद्धा नका.' काका डोळे घट्ट मिटतात. एव्हीएमची खूण आकारापेक्षा वेळेत असते. जी शीर अजून भरायला नको, ती आधीच भरलेली दिसते. एमआरआय मेंदूचा मांसल भाग छान दाखवतो, पण ही घाई त्याला इतकी नेमकी पकडता येत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

७.
२९ सप्टेंबर २०१०. देशातलं पहिलं आधार कार्ड या जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. दहा बोटं, दोन बुबुळं, एक चेहरा.

८.
मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ हे किरणांनी उपचार करायचं यंत्र १९९७ साली आलं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. यंत्र जिल्ह्याहून वर्षाने मोठं.

९.
नाव नाइफ, पण सुरी नाही. कोबाल्ट-६० चे दोनशेच्या आसपास बारीक किरण, एकेकटे अगदी सौम्य, सगळे एका बिंदूवर येऊन मिळतात. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. तेवढाच निडस, तेवढाच डोस, पण जुन्या कोबाल्टखाली दुप्पट वेळ पडून राहायचं.

१०.
सकाळी कपाळावर दोन आणि मागे दोन जागा बधिर करून धातूची हलकी चौकट स्क्रूने कवटीला बसवतात. मग काम होईपर्यंत डोकं आणि चौकट एकच. त्याच चौकटीत एमआरआय, त्याच चौकटीत डीएसए. चौकटीवर बसवलेल्या पेटीच्या खुणा प्रत्येक फोटोत उमटतात आणि त्यांवरून मेंदूतल्या कुठल्याही बिंदूचा पत्ता तीन आकड्यांत निघतो. रुग्ण बाहेर चौकटीसकट चहा पितो. कप तिरका धरावा लागतो, कारण चौकटीची दांडी आडवी येते.

आत डॉक्टर आणि फिजिसिस्ट पडद्यासमोर बसून निडसभोवती रेघ ओढत असतात. एक स्लाइस, मग पुढची, मग पुढची. रक्त आणणारी धमनी रेघेबाहेर ठेवायची, नेणारी शीरही बाहेर. आत फक्त जंजाळ. रेघ सैल झाली तर चांगल्या मेंदूला शेक. आवळली तर जंजाळाचा तुकडा तसाच राहतो, आणि पुढे फुटायला तेवढा पुरतो. किरण मिलिमीटरच्या आत अचूक पडतात, पण पडतात ते या रेघेवर. तोच फोटो दोन अनुभवी डॉक्टरांना दिला तर दोन वेगळ्या रेघा येतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. यंत्राच्या किमतीची बातमी होते; रेघेची कधी वाचली नाही.

११.
१९७० साली स्टॉकहोममध्ये लादिस्लाउ स्टायनर आणि लार्स लेक्सेल यांनी एव्हीएमवर पहिल्यांदा गॅमा नाइफ चालवलं. तेव्हा रुग्णालयांत एमआरआय नव्हता, सीटीही नव्हता. रक्तवाहिन्यांच्या फोटोच्या, म्हणजे अँजिओच्या, फिल्मा आणि आकडेमोड.

१२.
पुढेही बराच काळ काम भागवलं ते दोन सपाट फोटोंवर: एक समोरून, एक बाजूने. दोन सावल्यांवरून बांधलेला आकार खऱ्यापेक्षा फुगतो. निडस वेडावाकडा असेल तर जास्तच. आता डोक्याभोवती यंत्र फिरवून त्रिमिती अँजिओ काढतात आणि ती एमआरआयवर नेमकी बसवतात.

१३.
सारंगखेड्याचा घोडेबाजार, दत्तजयंती. घेणारा दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते बघतो, मागे उभा राहून चालवायला लावतो. नुसत्या व्हॉट्सअॅपच्या फोटोवर सौदा करणाऱ्याला तिथे हसतात.

१४.
आधी नळीतून ग्लूसारखा द्रव भरून निडस लहान करायचा, मग किरण द्यायचे. ऐकायला सोपं आहे. ओनिक्स नावाच्या द्रवात टँटलमची पूड असते, एक्स-रेवर दिसावी म्हणून. नंतर तीच सीटीवर चकाकते आणि शेजारचं झाकून टाकते. शिवाय आज बंद दिसणारी वाट पुढे उघडू शकते. ती रेघेबाहेर ठेवलेली असेल तर तिला किरण मिळालेलेच नसतात.

१५.
रक्तस्राव ताजा असेल तर साकळलेलं रक्त निडसला दाबून ठेवतं आणि फोटोत तो आहे त्याहून लहान दिसतो. म्हणून बऱ्याचदा काही आठवडे थांबून पुन्हा फोटो. तोवर घरी जा म्हणतात. घर धडगावच्या पुढे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की वाट बंद.

१६.
नवापूर स्टेशनाचा फलाट काही महाराष्ट्रात, काही गुजरातेत. सीमा एका बाकड्याच्या मधोमध रंगवली आहे. लोक तिच्यावर बसून फोटो काढून घेतात.

१७.
मज्जातंतूंच्या दिशेने पाण्याचे रेणू सहज सरकतात, आडवे तितके नाही. एमआरआयला हा फरक कळतो आणि त्यातून तंतूंच्या जुड्यांचा नकाशा निघतो. टोकियो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००५ च्या सुमारास हे नकाशे गॅमा नाइफच्या आराखड्यात घेतले. आधी हातपाय हलवणारी जुडी, मग नजरेची, मग भाषेची. साध्या फोटोत या जुड्या शेजारच्या पांढऱ्या भागातून वेगळ्या ओळखू येत नाहीत. ओळखू आल्या की त्यांच्यावरचा डोस कमी ठेवता येतो.

१८.
भाषेची जागा शोधायला एमआरआयच्या आत चित्रं दाखवून नावं मनात म्हणायला लावतात. माणूस घरी पावरी बोलतो, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, कामावर गुजराती. कोणत्या भाषेत म्हणू, असं त्याने विचारलं तर?

१९.
फिल्मवर छापलेली चित्रं आराखड्याच्या कामाची नाहीत. मूळ डेटा लागतो, मिलिमीटरभर जाडीच्या स्लाइसचा. तो सीडीत. सीडी पिशवीच्या तळाशी, एसटीच्या तिकिटांबरोबर. 'दादा, ही उघडत नाही.' पुन्हा फोटो, पुन्हा पैसे.

२०.
२०१४ साली 'अरुबा' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. न फुटलेल्या एव्हीएमचे २२३ रुग्ण, सरासरी ३३ महिने लक्ष ठेवलेले. नुसती औषधं घेणारे निडसवर उपचार केलेल्यांपेक्षा बरे राहिले. डॉक्टर अजून भांडतात: किरणांचा गुण यायलाच दोन-तीन वर्षं लागतात, तर ३३ महिन्यांत काय दिसणार? भांडण रास्त आहे. पण फोटोत दिसलं म्हणून लगेच हात घालायचा का, हा प्रश्नही रास्तच.

२१.
गॅमा नाइफनंतर दुसऱ्या दिवशी घरी. कपाळावर दोन लहान पट्ट्या. आजी जवळ येऊन केस बाजूला करून बघते: 'ऑपरेशन व्हयनं म्हनतस, मंग टाका कोठे शेतस?'

२२.
किरण दिल्या दिवशी काहीच घडत नाही. वाहिन्यांचं अस्तर सावकाश जाड होतं, आतली वाट अरुंद होत मिटते. दोन ते तीन वर्षं, कधी चार. लहान निडस शेकडा सत्तर-ऐंशी वेळा बंद होतो. तोवर फुटायचा धोका जवळपास पहिल्याइतकाच, वर्षाला शेकडा दोन ते चार. बंद झाला का, हे आधी एमआरआय सांगतो. खात्री डीएसए देतो.

२३.
म्हणजे तीन वर्षांनी हा माणूस सापडला पाहिजे. दिवाळी झाली की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीच्या बाजूला. फोनचा नंबर बदलतो. तपासणीच्या कार्डावर डिसेंबरची तारीख लिहून काय उपयोग? होळीला लोक गावी परततात. काठी गावची राजवाडी होळी चुकवायला कोणी तयार नसतं. तारीख तेव्हाची द्यावी. फक्त धुळवड सोडून, त्या दिवशी फोटो काढायचं सेंटर बंद असतं.