न घडलेल्या गोष्टींचा जमाखर्च

महालेखापालांच्या कचेरीत ज्याची हयात गेली, त्याला जगातील प्रत्येक व्यवहार दोन रकान्यांत मांडून पाहण्याची खोड जडते, आणि दोन्ही बाजूंची रुजवात झाल्याखेरीज त्याच्या जिवाला स्वस्थता लाभत नाही. नागपूरहून बदली होऊन मी जयपुरास आलो तो ही खोड बरोबर घेऊनच. परंतु पुढे माझ्याच देहाचे एक प्रकरण माझ्यासमोर असे आले, की त्याचा ताळेबंद अर्ध्या आयुष्यात एकदाही कायमचा मिटवता आला नाही. हे प्रकरण एका फिकट पिवळसर गोळीचे. तिचे नाव अझाथायोप्रिन.

पोटात उजवीकडे खाली उठणारी कळ, सायंकाळी चढणारा बारीक ताप आणि महिन्यागणिक सैल होत जाणारा कमरेचा पट्टा, ही लक्षणे आपल्या देशात प्रथम क्षयाकडेच बोट दाखवतात. आणि आतड्याचा क्षय व क्रोन्स या दोन विकारांचे रूप दुर्बिणीतून आणि सूक्ष्मदर्शकाखालीही इतके सारखे असते, की क्षयाची औषधे आधी देऊन पाहणे हा आपल्याकडील वैद्यकाचा रास्त शिरस्ता आहे. त्याप्रमाणे मीही कित्येक महिने ती घेतली. रिफाम्पिसिनने लघवी केशरी झाली. कळ मात्र जागची हलली नाही. मग निदान ठरले ते न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह 1932 साली वर्णिलेल्या विकाराचे, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याला इजा करीत राहते. स्टेरॉइड सुरू होताच आठवडाभरात कळ ओसरली, भूक लागली आणि चेहरा असा गोल गरगरीत झाला, की नागपूरच्या एका लग्नात आत्याबाईंनी 'जयपूर चांगलंच मानवलं रे तुला!' म्हणून माझ्या गालांवरून बोटे मोडली. त्या गालांची किंमत पुढे हाडे, डोळे आणि रक्तातील साखर यांना चुकती करावी लागते, हे त्या माउलीस कोण सांगणार? स्टेरॉइडपासून सुटका व्हावी म्हणूनच ती पिवळसर गोळी माझ्या घरी आली.

तिचे कूळ मोठे आहे. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी रक्ताच्या कर्करोगासाठी जे मर्काप्टोप्युरिन सिद्ध केले, त्याचेच हे भावंड. 1962 पासून परक्याचे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते वापरात आले, आणि 1988 साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्रोन्सच्या रुग्णांत मर्काप्टोप्युरिन गुणकारी ठरते, हे डॅनियल प्रेझेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये दाखवून दिले. मात्र गुण दिसण्यास सरासरी तीन महिने लागतात, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. म्हणजे जोखमीची नोंद पहिल्या दिवसापासून आणि लाभाची पुढच्या तिमाहीत! असे बिल कोणत्याही लेखापरीक्षकाने मुकाट्याने मंजूर केले नसते.

डॉक्टरांनी जोखमी लपवल्या नाहीत. मळमळ, क्वचित स्वादुपिंडाचा दाह, यकृताला त्रास, पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाला मोकळे दार, उन्हाने त्वचेच्या कर्करोगाची वाढती शक्यता, आणि सर्वांत भयप्रद, लिम्फोमा. आरंभी आठवड्याच्या, मग महिन्याच्या आणि पुढे तिमाहीच्या रक्ततपासणीचे कागद मी फायलीत टाचून ठेवू लागलो. पांढऱ्या पेशींचा आकडा चार हजारांच्या वर आहे ना, एवढे पाहिल्याशिवाय पाकीट खिशात जात नसे. फायलीच्या मुखपृष्ठावर तांबड्या शाईने लिहून ठेवले होते: 'अ‍ॅलोप्युरिनॉल देऊ नये'. कारण युरिक अ‍ॅसिडवरचे हे साधे औषध या गोळीला शरीरात मोडू देत नाही आणि नेहमीची मात्राही विषासमान होते. पाश्चात्त्यांच्या ग्रंथांत जोखीम ओळखण्यासाठी टीपीएमटी या घटकाची चाचणी सांगितलेली असे. आशियाई माणसांत एनयूडीटी15 या जनुकातील भेद अधिक महत्त्वाचा, हे 2014 मध्ये कोरियातील संशोधनाने पुढे आले. परक्याचे आकडे आपल्या वहीत जसेच्या तसे उतरवून चालत नाही ते असे.

जयपूरने जंतुसंसर्गाच्या जोखमीला आपला रंग दिला. होळीनंतरची कृष्ण अष्टमी, जी आपल्या पंचांगात फाल्गुनातली आणि इथल्यांच्या चैत्रातली, ती शीतळेची. आदल्या दिवशी, म्हणजे रांधा पुआला, सारा स्वयंपाक करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी चूल न पेटवता देवीला दाखवून तो थंडच खायचा. चाकसूच्या शील की डूंगरीवर त्या दिवशी मोठी जत्रा भरते. शेजारच्या भाभीजी बास्योड्याचे, म्हणजे या शिळ्या नैवेद्याचे, ताट दरसाल पाठवीत: राबडी, दहीभाताचा ओल्या, पुए. देवीचे रक्षण साथीच्या रोगांपासून आणि मी जाणूनबुजून प्रतिकारशक्ती दाबलेला इसम; रात्रभर बाहेर राहिलेला दहीभात समोर ठेवून मी नेहमीच घुटमळे. अखेर तळलेला पुआ घ्यावा, ओल्याला हात जोडावेत आणि ताट सौभाग्यवतीकडे सरकवावे, अशी तडजोड ठरून गेली. भाभीजींनी कारण कधी विचारले नाही. दुसऱ्या वर्षापासून ताटात पुएच जास्त येऊ लागले.

फ्रान्समधील एकोणीस हजारांवर रुग्णांचा अभ्यास 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या गोळ्यांनी लिम्फोमाचा धोका पाचपट होतो, ही ओळ वाचून माझी झोप उडाली. डॉक्टरांनी मूळ कोष्टकच पुढे ठेवले. गोळी घेणाऱ्यांतही पन्नाशीच्या आत हा धोका वर्षाला हजारांत एकाहून कमी. पासष्टीनंतर मात्र हजारी पाचांच्या घरात. 'पाचपट' हा शब्द मूळ रक्कम सांगत नाही, हे मला, हिशेबनिसाला, डॉक्टरांनी समजवावे! मग ते म्हणाले, 'काका, तुमच्या दोन रकान्यांत तिसरा राहिलाच. गोळी घेतली नाही, तर आजार काय करील, तो कुठे मांडलात?' आतडे आकुंचन पावणे, भगेंद्र, शस्त्रक्रिया, पुन्हा स्टेरॉइड: हा खर्च झालाच नव्हता म्हणून तो वहीत नव्हता. औषधाचा लाभ म्हणजे न घडलेले दुखणे आणि औषधाचे भय म्हणजेही न घडलेलेच दुखणे. परंतु माणसाचे मन दुसऱ्याचीच नोंद ठळक अक्षरांत करते.

तेच कोष्टक पासष्टी ओलांडल्यावर मी पुन्हा काढले, कारण गोळी तीच असली तरी रकाना बदलला होता. दीर्घकाळ शांत असलेल्या क्रोन्सच्या रुग्णांत ही गोळी थांबवून पाहणारा एक फ्रेंच प्रयोग 2005 मध्ये छापून आला होता. दीड वर्षात थांबवलेल्यांपैकी सुमारे एकवीस टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी आठ टक्क्यांचा. दुर्बिणीची तपासणी निर्मळ आली, तेव्हा डॉक्टरांच्या संमतीने मी एकवीसांचा धोका पत्करून गोळी थांबवली. तिशीत घेण्याचा निर्णय योग्य होता आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर सोडण्याचाही. दोन्ही वेळचा हिशेब निराळा होता, इतकेच. म्हणून ज्यांच्या घरी आज ही गोळी आली असेल, त्यांनी ऐकीव भयाने ती मनाने सोडू नये, आणि सवयीने आयुष्यभर चालूही ठेवू नये. दर काही वर्षांनी डॉक्टरांसमोर बसून, वय, आजार आणि तपासण्या मांडून, तिन्ही रकाने नव्याने भरावेत.