कोहा म्हणजे भेट

आम्ही पेशाने कारकून. आमचा विश्वास रजिस्टरावर. म्हणून वस्तीतल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंनी पुस्तकांची यादी संगणकात 'कोहा'वर चढवायला घेतली, तेव्हा कमिटीत पहिला विरोध आमचाच! "फुकटचे टिकत नाही," असे आम्ही बोलून गेलो.

ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, न्यूझीलंडच्या ग्रंथालयांत हे २००० सालापासून चालू आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट."

पुढे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आली. तिला हवे ते पुस्तक ताईंनी क्षणात शोधून दिले. रजिस्टर चाळण्यात आमचा अर्धा तास गेला असता. ताई घरीही शिकत असतात. फोनवर बोलून मराठी अर्ज लिहितात. आईच्या औषधाच्या खोक्यावरचे इंग्रजी कॅमेऱ्याने मराठीत वाचतात. डोस मात्र डॉक्टरांनाच विचारतात.

पण एक दिवस निवृत्त सफाई कामगार असलेले आजोबा दारातूनच परत फिरले. नव्या पुस्तकांची यादी फक्त मोबाईलवर जात होती आणि त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्याच दिवशी छापील यादी फळ्यावर लागली.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले आहे: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, वाचकाचा वेळ वाचावा. वेळ संगणक वाचवतो. वाचक आपणच राखायचा असतो.

आमचा विरोध आम्ही मागे घेतला. रजिस्टर मात्र टेबलावर आहे. आजोबांची नोंद त्यात आम्ही स्वतः करतो.