सायकल खालीच उभी आहे

धाकटी यंदा सातवीत गेली. दोन वर्षांची ईदी साठवून आणि कमी पडले ते अब्बूंकडून उकळून तिने सायकल घेतली. आता रोज एकच घोषा, "अम्मी, मला सायकलने शाळेत जाऊ दे ना." कोंढव्यातून कॅम्पातली शाळा पाचेक किलोमीटर. मी नाही म्हणते.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर एका सहकारी बाईंनी सहज विचारलं, "तुमच्यात मुलींना सायकल चालवू देत नाहीत का?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला.

आमच्यात? मला सायकल अब्बांनीच शिकवली. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सुट्टीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, त्यातले एक आमचे अब्बा. रविवारी पुढच्या दांडीवर मी, मागे कॅरिअरवर अम्मी, अशी आमची वरात निघायची. पुढे तासावर भाड्याने मिळणारी सायकल, दांडीखालून पाय घालून मारलेली पायडलं, फुटलेले गुडघे. बी.एड.ला ओढणीला पिना लावून मी लेडीबर्डवर जात होते. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्यात माझीही एक सायकल होती. मोहल्ल्यात कुणी नाक मुरडलं असेल, पण मला कुणी थांबवलं नाही.

लेकीला मात्र मी थांबवते आहे. ती बंधनं मजहबने घातलेली नाहीत. ती लुल्लानगरच्या उतारावर आणि गोळीबार मैदानाच्या चौकात घातली गेली आहेत. तिथे डावीकडून रिक्षा घुसते, उजवीकडून बस अंगावर येते, आणि कडेला लावलेल्या गाडीचं दार कधी उघडेल याचा नेम नाही.

एका रविवारी फजरनंतर, रस्ता रिकामा असताना, तिच्यामागे मीही सायकल काढली. उभ्या टेम्पोला वळसा घालायला ती रस्त्याच्या मध्याकडे सरकली आणि त्याच क्षणी मागून आलेली बस कर्कश हॉर्न देत गेली. काही झालं नाही. ती म्हणाली, "बघ, जमतं मला." माझे हात मात्र थरथरत होते. सायकली हातात धरून आम्ही चालत घरी आलो.

तेव्हा मला रंगवलेला पट्टा आणि संरक्षित मार्ग यांतला फरक कळला. पांढऱ्या पट्ट्यावर कुणीही गाडी लावतो, मग मुलाला नेमकं बसच्या वाटेत यावं लागतं. मध्ये सलग दगडी कठडा असला की ती वेळ येत नाही. नुसते खांब रोवून भागत नाही. सायकल जाईल एवढ्या फटीतून आपले दुचाकीवाले आरामात जातात, फूटपाथही त्यांनी सोडलेले नाहीत. आणि कठडा चौकात येऊन संपला, तर जिथे वळणाऱ्या गाड्यांचा धोका सर्वांत जास्त, तिथेच मूल उघडं पडतं.

नेदरलँड्स जन्मापासून सायकलींचा देश होता असं मला वाटायचं. तसं नाही. तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. 1971 मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत 400 हून अधिक मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीच्या नावाचाच अर्थ होता, 'मुलांची हत्या थांबवा'. आजचे वेगळे सायकलमार्ग असल्या भांडणांतून आले आहेत. "आपल्याकडे ऊन फार" म्हणणाऱ्यांना मी सेव्हिल दाखवते, म्हणजे इतिहासात आपण वाचलेलं अंदलुसमधलं इश्बीलिया. उन्हाळ्यात ते शहर भाजून निघतं. तिथे 2006 पासून थोड्याच वर्षांत सुमारे 80 किलोमीटरचं, एकमेकांना जोडलेलं वेगळ्या मार्गांचं जाळं उभं राहिलं, आणि सायकलवाले कितीतरी पटींनी वाढले. जोडलेलं, हा शब्द महत्त्वाचा. आपल्या पुण्यातही सायकल आराखडा 2017 सालीच मंजूर झाला आहे. पण मुलीच्या वाटेवरचा एकच चौक सुटला तरी आई सायकल काढू देणार नाही.

व्हॅनचे पैसे दरमहा जातात ते जातातच. पण व्हॅन चुकली तर शाळा बुडते, उर्दूच्या जादा तासाला थांबता येत नाही, मैत्रिणीकडे जायला भाऊ किंवा अब्बू मोकळे असावे लागतात. या वयात मी कुणाला न विचारता लायब्ररीत जात होते.

पालकसभेनंतर आम्ही वॉर्ड ऑफिससाठी अर्ज लिहिला. शाळेपर्यंत सलग कठडा आणि चौकात सायकलींना आधी सुटणारा सिग्नल, एवढंच मागितलं. मराठी मसुदा माझा, सह्या सतरा. अठरावी सही व्हॅनवाल्या चाचांनी मागून घेतली. "चाचा, तुमचं गिऱ्हाईक जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे की टीचर," ते म्हणाले, "माझ्या नातवाची सायकलपण खालीच उभी आहे."