धनराज कुणाचा?

२००५ साली हैदराबादेत प्रीमियर हॉकी लीग भरली, तेव्हा नारायणगुड्यातली आमची मुले घेऊन मी गच्चीबावलीला गेलो. मुलांना पेच पडला. घरी मराठी, गल्लीत तेलुगू. मग टाळ्या मराठा वॉरियर्सला की हैदराबाद सुलतान्सला? त्यात मराठ्यांचा कर्णधार पिल्ले आडनावाचा!

धनराज १९६८ साली पुण्याच्या खडकीत तमिळ घरात जन्मला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करीत. मोडक्या स्टिका दोरीने बांधून भावंडे खेळत. पुढे चार ऑलिंपिक आणि १९९८च्या बँकॉक एशियाडचे सुवर्ण.

“म्हणजे सर, हाही घरी एक, बाहेर एक बोलतो?” एकाने विचारले.

छत्तिशीतला धनराज चेंडू घेऊन सुसाट निघाला आणि सगळी रांग उभी राहिली.

विजेतेपद मात्र सुलतान्सनी नेले. मुलांना त्याचाही आनंदच झाला.