गोळा, ताण आणि कळसूबाई

"स्ट्रेचिंग केलं की गोळे येत नाहीत आणि दुखापतही होत नाही." आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या कंपूत हे वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं, की त्यावर शंका घेणं म्हणजे जवळजवळ अधर्मच. प्रत्येक कंपूत एक तरी गुरुजी असतातच. ते बाकड्यावर टाच टेकवून वाकतात, आपल्यालाही वाकवतात, आणि नाही वाकलो तर "बघा हं, पोटरी धरेल" असा शापही देऊन ठेवतात.

या प्रश्नाच्या मागे मी लागलो तो काकांमुळे. काकांचं वय त्रेसष्ट. नोकरीची बरीचशी वर्षं अकोले तालुक्यात मास्तरकीत गेली. (अकोला नव्हे, अकोले. आपल्याच जिल्ह्यातलं. हे दरवेळी सांगावं लागतं.) तिथे असताना दर नवरात्रात बारी गावातून कळसूबाईला चढून जायचं आणि देवीचं दर्शन घेऊन यायचं, हा त्यांचा नेम. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर. पायथ्यापासून धरलं तरी साधारण नऊशे मीटरचा चढ, आणि मध्ये कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या. गेली चार वर्षं मात्र काका गेलेले नाहीत. रात्री झोपेत पोटरीला गोळा येतो, ओरडत उठतात, काकू पाय चोळत बसतात. "घरात गादीवर येतो तो शिडीवर आला तर?" या एका वाक्यावर त्यांनी कळसूबाई सोडली. बोलत नाहीत, पण नवरात्र आलं की माणूस गप्प होतो.

त्यात गेल्या जानेवारीत भर पडली. आम्ही भावंडं आणि मुलं असे सातजण कळसूबाईला गेलो. भाचा चोवीस वर्षांचा, पुण्यात नोकरी, आठवड्यातून तीन दिवस जिम. पहाटे बारीत त्याने शिस्तीत दहा मिनिटं सगळे स्नायू ताणून घेतले, आम्हालाही घ्यायला लावले. आणि उड्या मारत निघाला. एका शिडीच्या जरा खाली त्याच्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की पठ्ठ्या मटकन खालीच बसला. त्याला सपाट जागी घेतलं, गुडघा सरळ केला, पायाचा चवडा हळूहळू नडगीकडे ओढून धरला. अर्ध्या-पाऊण मिनिटात गाठ सुटली. काकांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघ, पोरांनाही येतो."

आता यात दोन गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच समजतो. आलेला गोळा ताणल्याने सुटतो. तो सुटला म्हणून आधी ताणून ठेवल्याने येणारच नाही, असं मात्र नाही. पाणी ओतल्याने आग विझते म्हणून सकाळी घरभर पाणी शिंपडून ठेवल्याने संध्याकाळी आग लागायची थांबत नाही, तसं.

गोळा का येतो, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीतले कामगार घामाने निथळायचे, नुसतं पाणी प्यायचे आणि त्यांना जबर पेटके यायचे. पाण्यात मीठ घालून दिल्यावर त्यांना आराम पडला. तेव्हापासून 'घाम, पाणी आणि मीठ' ही समजूत पक्की झाली. उन्हात राबणाऱ्याच्या बाबतीत तिच्यात तथ्य आहेच. पण १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी बाजू मांडली: स्नायू थकला की त्याला आवळायला सांगणारे मज्जातंतूंचे संदेश वाढतात, सैल सोडायला सांगणारे कमी होतात, आणि तो आवळलेलाच राहतो. पुढे २०११ मध्ये त्यांनी पोहणं-सायकल-धावणं अशा लांबच्या शर्यतीतले खेळाडू तपासले. गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या शरीरातल्या पाण्यात किंवा क्षारांत कारण म्हणून दाखवावा असा फरक नव्हता. फरक दोन होते: गोळेवाल्यांना पूर्वीही गोळे आलेले होते, आणि ते जास्त वेगाने गेले होते.

ताणल्यावर गोळा का सुटतो, तेही यातून उलगडतं. स्नायू ताणला की त्याच्या टोकाच्या दोरीसारख्या भागातले संवेदक मणक्यातल्या मज्जारज्जूकडे "आता सोड" असा निरोप पाठवतात, असं मानतात. आणखी एक गंमत. अमेरिकेत २०१०च्या एका प्रयोगात मुद्दाम गोळा आणून लोकांना काकडीच्या लोणच्याचं पाणी प्यायला दिलं. साध्या पाण्यापेक्षा त्याने गोळा लवकर गेला, इतका लवकर की मीठ पोटातून रक्तात पोचायला वेळच नव्हता. म्हणजे तोंडात-घशात जो आंबट झटका बसतो, त्यानेच मज्जातंतू भानावर येत असावेत. कळसूबाईच्या वाटेवर लिंबूपाणी विकणाऱ्या मावशींना हे सांगायला हवं. भाव वाढवतील.

आता टाळण्याचा प्रश्न. नगर हे लष्कराचं गाव, तेव्हा उदाहरणही लष्कराचंच घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १५३८ नव्या जवानांवर झालेला प्रयोग २००० साली छापून आला. निम्म्यांनी सरावाआधी पायाचे सहा स्नायूगट ताणायचे, निम्म्यांनी ताणायचे नाहीत, असं बारा आठवडे. पायाच्या दुखापती किती? ताणणाऱ्यांत १५८, न ताणणाऱ्यांत १७५. हिशेबाच्या भाषेत हा फरक धरण्याजोगा नाही. धरण्याजोगं निघालं ते वेगळंच: भरती होताना ज्यांचा दम कमी होता, त्यांना दुखापती जास्त झाल्या.

तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांवरही एक मोठा प्रयोग झाला, २०१० मध्ये, २३७७ जणांवर. एकूण दुखापतींत फरक नाही. पण स्नायू आणि सांध्यांभोवतीच्या काही दुखापती ताणणाऱ्यांत थोड्या कमी होत्या, आणि नंतर त्रास देणारं अंगदुखणंही कमी, तिघांतल्या एकाऐवजी चौघांतल्या एकाला. तेव्हा गुरुजींचा शाप अगदीच पोकळ नाही. पण २०१४ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी असे पंचवीस प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा ताणण्याच्या रकान्यात जवळपास शून्य आलं, आणि ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशापेक्षाही खाली आल्या. म्हणजे आपल्या तालमीतल्या वस्तादांच्या बैठका जिंकल्या म्हणायच्या! शिवाय एक स्नायू मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरला, तर त्याचा जोर काही काळ किंचित उतरतो. चढाच्या तोंडाशी कोणाला हवंय ते?

हे वाचल्यावर मला निवृत्तिनाथांची पालखी आठवली. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना ती नगरवरून जाते. त्यात काकांच्या वयाचे किती तरी जण असतात. पहिले तीन-चार दिवस पाय भरून येतात, मग पायच चालायला लागतात, असं वारकरीच सांगतात. त्यांच्या पायांना चालण्यानेच चालायला शिकवलेलं असतं. बारीतला माणूस सामान डोक्यावर घेऊन शिखराकडे जातो तेव्हा तोही पायथ्याशी झाडाला टेकून पोटऱ्या ताणत नाही. आणि आमचा भाचा? जिममध्ये तीन दिवस, पण चढ वर्षातून एकदा, आणि तोही उड्या मारत. थकवा, वेग आणि सवय नसणं, तिन्ही हजर. दहा मिनिटांचं ताणणं त्यापुढे काय करणार?

उतरणीचंही असंच आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत होत वजन पेलतो, ते त्याला सगळ्यांत जड जातं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना 'आई गं' होतं. यावरचा ठाऊक असलेला चांगला उपाय म्हणजे आधी लहान उतरण उतरून ठेवणं. एकदा थोडं सोसलेला स्नायू पुढच्या वेळी तेवढा बोंबलत नाही.

राहिला काकांचा रात्रीचा गोळा. मला वाटतं काकांची खरी गाठ इथेच बसली होती. गादीवर येणारा गोळा आणि चढावर येणारा गोळा ही सख्खी भावंडं नव्हेत. रात्री येतो म्हणजे शिडीवरही येणार, असं त्यावरून ठरत नाही. आणि गंमत अशी, की ताणण्याचा उपयोग दिसतो तो या रात्रीच्या गोळ्यालाच. नेदरलँड्समध्ये २०१२ साली पंचावन्नच्या पुढच्या ऐंशी लोकांवर प्रयोग झाला. झोपण्याआधी रोज पोटऱ्या आणि मांड्यांच्या मागच्या बाजू ताणणाऱ्यांचे गोळे सहा आठवड्यांत कमी झाले, तीव्रताही उतरली. त्याआधी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात असा फायदा दिसला नव्हता, हेही खरं. पण भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला चिकटवून दहा-दहा सेकंद तीनदा उभं राहायला खर्च काय येतो? (पाय सुजत असेल, सारखाच दुखत असेल किंवा गोळे नव्या औषधानंतर सुरू झाले असतील, तर आधी डॉक्टर. भिंत नंतर.)

काकांनी एप्रिलपासून हे सुरू केलं. गोळे गेले असं मी म्हणणार नाही. पण काकू म्हणतात, आता रोज उठावं लागत नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. काकूंची झोप मात्र होते आहे.

मग आमचा बेत असा ठरला. दर रविवारी सकाळी शहा डोंगर, म्हणजे चांदबीबी महाल. (खरं तर ती सलाबतखानाची कबर, पण आपण नगरकर ऐकतो थोडंच.) पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम रमतगमत. गप्पा मारता येतील एवढाच वेग. दोन रविवारांनंतर तोच चढ दोनदा. आठवड्यातून दोन दिवस घरी बैठका आणि पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली. ताणणं संध्याकाळी, अंग गरम असताना, बरं वाटतं म्हणून. आणि काकांचं रात्री झोपताना, भिंतीपाशी. गोळा आलाच तर काय करायचं ते आता सगळ्यांना येतं, आणि शिडीवर कोणी घाई करायची नाही, हा नियम भाच्याने स्वतः लिहून दिला आहे.

नवरात्राला अजून अकरा रविवार आहेत. ज्यांना बरोबर यायचं आहे त्यांनी आत्तापासून पाय लावा. पुणेकरांनी सिंहगड धरावा, नाशिककरांनी पांडवलेणी. शेवटच्या दिवशी पहाटे बारीत येऊन ताणून-बिणून घेऊ, असं कोणी म्हणू नका. सगळी सोंगं आणता येतात, पायातल्या बळाचं आणता येत नाही. काकांनी काल माळ्यावरून त्यांची जुनी काठी काढून पुसून ठेवली आहे. येणार का, असं विचारलं तर अजून "बघू" म्हणतात. पण काठी तेल लावून ठेवली आहे.