गळका नळ

डोंबिवलींत बिऱ्हाड केल्यापासून आमच्या स्वयंपाकघरांतला नळ गळत होता. ठाण्यास राहणाऱ्या मालकांचें म्हणणें असें कीं, वापर तुमचा, तेव्हां दुरुस्तीहि तुमचीच. आमचें म्हणणें, नळ तुमचा, तेव्हां गळतीहि तुमचीच! नळाखालीं बादली ठेवून वाद चालू राहिला.

अखेर आम्ही कायद्यास शरण गेलों. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा दुरुस्तीचा भार मालकावर टाकतो. पंधरा दिवसांची नोटीस देऊनहि त्यानें हयगय केली, तर भाडेकरूस खर्च भाड्यांतून वळता करण्याची मुभा देतो. पण आमचा करार पडला अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, कायद्याच्या दृष्टीनें आम्ही भाडेकरू नव्हेच! केंद्र सरकारनें २०२१ सालीं राज्यांस जो नमुना कायदा आंखून दिला, त्यांत तर भिंतींची सफेदी मालकाकडे आणि नळाचा वायसर राहणाराकडे, अशी वाटणीच आहे.

आम्ही खजील झालों. खरें पाहतां खर्चाचा प्रश्न नव्हताच. अकरा महिन्यांनीं कदाचित् कल्याणास जावें लागेल, मग परक्या घरास पैसा कां लावा, हा आमचा हिशेब. मालक त्या घरांत राहत नाहींत, आम्ही राहणार नाहीं. मधल्यामध्यें घर मात्र पोरकें!

दुसऱ्या दिवशीं प्लंबरास बोलावून वायसर बसविला. मालकांस कळविलें नाहीं. आपल्या घरचा नळ दुरुस्त केला, हें कोणास कशाला कळवावें?