उतरलेला गंधार

वडिलांची पेटीवरची चाल कीबोर्डवर घेतली आहे आणि आता साताऱ्यातल्या माझ्या खोलीत रात्री तिचे स्वर सरकवत बसतो. मिडीत आवाज नसतोच, फक्त सूचना असते: कोणता स्वर, केव्हा, किती जोरात. पडद्यावर त्या सूचनांच्या छोट्या पट्ट्या दिसतात. क्वांटाइझ केलं की सगळ्या मुकाट्यानं रेघेवर येतात. मी ते करत नाही. वडील समेच्या किंचित मागे रेंगाळायचे; ते रेंगाळणंच मला हवं आहे.

अडतो तो कोमल गंधारापाशी. कीबोर्डवर तो षड्जापासून 300 सेंटवर असतो, मला त्याहून उतरलेला ऐकू येतो. पिच बेंड दोन अर्धस्वरांचं ठेवलं, तर एका सेंटला साधारण 41 पायऱ्या मिळतात. एवढी बारीक मोजणी हाताशी असूनही निर्णय कानच घेतो.

अशा वेळी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवतात. 22 श्रुतींच्या मोजमापात त्यांनी किती जीव ओतला! अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या शोधाला साक्षी होता. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींची पेटी मांडली गेली, तेव्हा वादही झाले. मला तो वाद अजून संपलेला वाटत नाही.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. कुठे थांबायचं, हे त्यांना कसं कळतं? मी गंधार आणखी थोडा उतरवतो. कदाचित उद्या पुन्हा चढवीन.